झोप लागेपर्यंत

लॅपटॉपच्या कोपऱ्यात पंख्यासारखी खूण उमटली. तिच्या सगळ्या रेघा भरलेल्या होत्या, आणि खाली लिहिलं होतं: जोडलेले आहे, इंटरनेट नाही. बाईंनी चष्मा वर सरकवून ते पुन्हा वाचलं. पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि दोनदा वाचूनही वाक्य कळलं नाही तर चूक वाक्याची असू शकते, तुमची नव्हे, असं त्यांनी किती मुलांना सांगितलं असेल. आता स्वतःला ते सांगून काही उपयोग नव्हता. जोडलेलं आहे तर मग नाही काय? आणि नाही तर जोडलेलं कशाला म्हणायचं? त्यांनी नातीचं, भिंगरीचं, चित्र असलेल्या गोल बटणावर पुन्हा दाबलं. मधोमध एक चक्र फिरू लागलं. फिरत राहिलं. त्या केस विंचरून, चांगली साडी नेसून, खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. खिडकीकडे तोंड, म्हणजे उजेड ओठांवर पडतो. बाकी सगळं तयार होतं.

टेबलावरचा बटणांचा फोन वाजला. लेकच होती. "आई, कुठं आहेस? आम्ही कधीपासून टॅब लावून बसलोय." "अगं, इथंच आहे. हे लागत नाहीये." "म्हणजे काय लागत नाहीये? परवा तर लागलं होतं." "परवा इंटरनेटचा जुना डबा होता. काल त्या कंपनीच्या माणसानं बदलून नवा बसवला." "आणि तू चालवून बघितलं नाहीस?" "त्यानं त्याच्या मोबाइलवर दाखवलं की. चालू आहे म्हणाला." पलीकडून लेकीचा श्वास ऐकू आला, मास्कमधून येतो तसा, कापडात घोळलेला. मागे चाकांचा आवाज, कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. "आई, तिची कानातली यंत्रं काढून घेतलीत. आता तिला काहीच ऐकू येत नाही. इथं सगळ्यांच्या तोंडावर मास्क. येणारा प्रत्येक जण तिच्याशी बोलतोय आणि ती नुसती माझ्याकडे बघतेय. सारखी टॅबवर बोट ठेवते आणि विचारते, आजी?" "तू सांग ना तिला. मास्क खाली कर आणि सांग." "दोनदा केला. सिस्टर ओरडली. आणि मी बोलले की तिला कळतच नाही, तुला माहितीये." बाईंना माहीत होतं. भिंगरी म्हणायची, आईचं तोंड पळतं. आणि बाबांचं झुडपात आहे. जावयांनी त्या दाढीमिशांच्या झुडपाला एकदा कात्री लावली होती, तर झुडपातून निघालेलं तोंड बघून पोरगी घाबरून रडली होती. पुन्हा ते वाढवावं लागलं. "डॉक्टर आले की नेणार आहेत," लेक म्हणाली. "लवकर कर काहीतरी, आई. मी ठेवते, फोन आत चालत नाही, लॉकरमध्ये टाकायचाय. टॅबची तेवढी परवानगी आहे." आणि फोन बंद झाला, म्हणजे आता लॅपटॉपशिवाय तिकडे जायला दुसरी वाटच राहिली नाही. बाईंना ते जरा उशिरा कळलं. फोन कानाशीच धरून त्या बसून राहिल्या.

भिंगरी त्यांचे ओठ वाचायची ते कुणी शिकवलं म्हणून नव्हे. तिच्या शाळेत खुणा होत्या, तिकडे सगळी मुलं हातांनी बोलायची, आणि भिंगरीचे हात तर नावाप्रमाणेच, एक क्षण जाग्यावर नाहीत. पण बाईंशी ती ओठांनी बोलायची. शुद्धलेखन सांगता सांगता बाईंचं तोंडच तसं झालं होतं. मागच्या बाकावरच्या पोरालाही काना कुठे आणि मात्रा कुठे ते दिसावं, म्हणून शब्द पूर्ण उघडायचा, धरायचा आणि मग सोडायचा. यावरून हे त्यांची थट्टा करत. "मीठ दे म्हणताना तू जे तोंड करतेस ना, ते बघून पलीकडच्या इमारतीतली माणसंसुद्धा मीठ घेऊन येतील." हे म्हणजे बाईंचे यजमान. त्यांचं सगळं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं, दिसत नसलेल्या माणसांचे आवाज इकडून तिकडे जोडण्यात, आणि नात झाली ती आवाजच न पोचणारी. ते कळलं त्या दिवशी हे उठून स्वयंपाकघरात गेले होते. तिथला नळ गळत होता, तो उघडून त्यांनी त्याचा वायसर बदलला होता. मग हात पुसत म्हणाले होते, "लाइन आहे. पलीकडे घंटी वाजत नाही एवढंच. दुसऱ्या वाटेनं जाऊ." ती दुसरी वाट म्हणजे हा लॅपटॉप. दर रविवारी सकाळी बाई खिडकीकडे तोंड करून बसत आणि भिंगरी तिकडे टॅबला नाक लावून. आवाज बंद ठेवलेला. तिला नको होता, आणि बाईंनाही हळूहळू सवय झाली. बाई नुसते ओठ हलवत आणि भिंगरी तिच्या त्या जाड, गोल, कडा नसलेल्या आवाजात तो शब्द बोलून दाखवी, तो इकडे येत नसे, पण तिच्या गळ्याची शीर हललेली दिसे. खेळच होता तो. मागच्या रविवारी खेळ संपल्यावर भिंगरीनं विचारलं होतं. हातांनी नाही, ओठांनी, बाई करतात तसं एकेक शब्द उघडून: झोपवल्यावर ओठ कसे दिसणार? बाईंनी तिला ऑपरेशनचं सगळं समजावून सांगितलं होतं. कानामागे आत एक छोटं यंत्र बसवणार. उठल्यावर लगेच ऐकू येणार नाही, जखम भरली की ते सुरू करणार, घाबरायचं नाही. या सगळ्यातलं हे एक सांगायचं राहिलं होतं, आणि नेमकं तेच तिनं विचारलं. मग बाई म्हणाल्या: झोप लागेपर्यंत मी दिसत राहीन. लेकीनं त्यासाठी डॉक्टरांकडे खेपा घातल्या, ते आधी हसले, मग नको म्हणाले, मग म्हणाले, बरं, टॅब पारदर्शक पिशवीत घालून धरा, भूल चढेपर्यंत. इतकं सगळं जमून आलं होतं.

बाईंनी डबा बंद केला, थांबल्या, चालू केला. लाल दिवा, पिवळा दिवा, मग हिरवा. लॅपटॉप बंद केला, चालू केला. तो इतक्या सावकाश उघडला की जणू झोपमोड झालेलं मूल डोळे चोळतंय. पंखा उमटला. सगळ्या रेघा भरल्या. जोडलेले आहे, इंटरनेट नाही. त्या लॅपटॉप उचलून डब्याजवळ घेऊन गेल्या, पार भिंतीला टेकवला, तशाच उभ्या राहिल्या, हात भरून आले. डबा हिरवा, पंखा भरलेला, आणि दोघांच्या मध्ये त्या. त्यांना वाटलं, हे दोघं एकमेकांशी अगदी नीट बोलताहेत, अडचण त्यांना नाहीच, अडचण मला आहे. आणि मग वाटलं, असंच असतं. तिकडे त्या खाटेभोवती या घटकेला पाच-सहा माणसं उभी असतील, सगळी चांगली, सगळी तिच्यासाठीच आलेली, वाकून वाकून बोलत असतील, आणि ती त्यांच्या तोंडावरचं कापड आत-बाहेर होताना बघत असेल. सगळ्या रेघा भरलेल्या.

नव्या डब्यावर चिकटवलेल्या कागदावर कंपनीचा नंबर होता. तो लावला तर आधी गाणं लागलं, मग एक दाबा, मग तीन दाबा, मग पुन्हा गाणं. शेवटी एका बाईचा आवाज आला, घाईचा पण गोड करून ठेवलेला. "बोला मॅडम, काय मदत करू?" बाईंनी सांगितलं. "मॅडम, इथून तुमची लाइन चालू दिसतेय." "तुम्हाला दिसून काय उपयोग? मला दिसायला हवी." "दिवा हिरवा आहे ना?" "हिरवागार आहे." "मग आमच्याकडून सगळं ओके आहे मॅडम, तुमच्या लॅपटॉपचा प्रॉब्लेम असेल, दुकानात दाखवून घ्या." "ऐका," बाई म्हणाल्या, आणि आवाज आपोआपच वर्गातला निघाला, रागाचा नव्हे, खडू हातात घेतल्यावर निघतो तो. "माझी नात दवाखान्यात आहे. तिला ऐकू येत नाही. तिला आत्ता आत नेताहेत आणि तिला मी दिसायला हवी. तुम्ही ठेवलात तर माझ्याकडे विचारायला दुसरं कुणी नाही. मी म्हातारी आहे, पण सांगितलेलं नीट करते. एकेक सांगा." पलीकडचा आवाज बदलला, गोडी गेली आणि आत माणूस असल्यासारखं वाटलं. "थांबा हं. फोन स्पीकरवर टाकता येतो का तुम्हाला? टाका आणि बाजूला ठेवा. आता त्या वायफायच्या पंख्यावर दाबा. तुमच्या वायफायच्या नावापुढे चाकाची खूण असेल." "आहे." "त्यावर दाबा. आता खाली खाली जा. बरेच आकडे दिसतील." दिसले. आणि ते आकडे बघताच बाईंच्या मानेवरून काहीतरी सरकलं, मागे कुणी येऊन उभं राहावं तसं.

ही जागा त्यांनी आधी पाहिली होती. स्वतःच्या हातानं नाही, यांच्या खांद्यावरून. एका रविवारी भिंगरी गोष्टीच्या ऐन मध्यावर होती आणि तिचं चित्र गोठलं, तोंड अर्धवट उघडं. मग तिकडे तिनं टॅब आपटला होता. आजी दगड झाली म्हणून रडली होती. त्या दिवशी हे सगळी दुपार इथं बसले. मग म्हणाले, सापडलं. हा डबा ज्याला त्याला मनाला येईल तो नंबर वाटत सुटतो, आणि आज त्यानं प्रिंटरला आणि तुला एकच दिला. दोन घरांना एक नंबर, कुणाची घंटी वाजणार? एक्स्चेंजमध्ये असं कुणी केलं असतं तर त्याला आम्ही जेवू दिलं नसतं. "आता हे बघ, मी प्रत्येकाला नंबर कायमचा बांधून टाकतो. प्रिंटरला नऊ. तुला सात. आणि बाहेर जायचं दार हे, डब्याचं, तेही लिहून टाकतो. आता तुला कुणाला विचारायला नको, थेट दारातून बाहेर." बाईंना ते पटलं होतं. त्यांच्याही वर्गात प्रत्येकाची जागा ठरलेली असे. जून महिन्यात बसवलेलं मूल मार्चपर्यंत तिथंच, म्हणजे नुसतं बघितलं तरी कोण आलं नाही ते कळतं. "सातच का?" त्यांनी विचारलं होतं. "सात म्हणताना तुझं तोंड छान होतं," हे म्हणाले होते, आकड्यांवरून नजर न काढता. त्यानंतर चित्र कधीच गोठलं नाही. हे गेले त्यानंतरच्या रविवारीसुद्धा नाही. त्या दिवशी भिंगरी नुसतीच बघत बसली होती, बाईही, आणि कुणाचेच ओठ हलले नव्हते.

"मॅडम? गेटवे असं लिहिलंय, त्याच्यापुढचा आकडा वाचा." "एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट, टिंब, एक, टिंब, एक." "एक टिंब एक? नक्की?" "मी वाचायला शिकवायची, अहो." "तसं नाही मॅडम. आमच्या नव्या बॉक्सचा तिसरा आकडा शून्य असतो. हा तुमच्या जुन्या बॉक्सचा आहे. वायफायचं नाव आणि पासवर्ड आमच्या माणसानं जुनेच ठेवले असतील, तुम्हाला सोपं जावं म्हणून, त्यामुळे जोडलं जातंय. पण लॅपटॉप बाहेर जायला अजून जुन्या दारातच जाऊन उभा राहतोय, आणि ते दार आता नाहीच. हे असं कुणी हातानं भरलंय का?" "यांनी," बाई म्हणाल्या. "मग साहेबांनाच द्या ना फोन, दोन मिनिटांत होईल." बाईंनी खिडकीकडे बघितलं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादर झटकत होतं, आवाज येत नव्हता. "मीच करते," त्या म्हणाल्या. "बरं. मग वर 'मॅन्युअल' दिसतंय का? त्यावर दाबून 'ऑटोमॅटिक' करा आणि सेव्ह. बास. बॉक्स आपोआप नवीन नंबर देईल." "आणि हे आकडे?" "ते जातील मॅडम. त्यांची गरज नाही."

बाईंचं बोट बटणावर होतं. फळा पुसायच्या आधी त्या नेहमी वर्गाकडे वळून विचारत, उतरवून झालं का? एकाचं जरी राहिलं असलं तरी थांबत. हळू लिहिणारं एक मूल प्रत्येक वर्गात असतंच, आणि सगळा वर्ग त्याच्यावर खेकसतो, आणि बाई डस्टर हातात धरून उभ्या राहतात. आता त्यांनी हात मागे घेतला, पेन्सिल शोधली, वर्तमानपत्राच्या कडेला लिहू लागल्या. एकशे ब्याण्णव. तिकडे डॉक्टर आले असतील. एकशे अडुसष्ट. हे काय करतेय मी, त्यांना वाटलं, पोरगी तिकडे कापडांकडे बघतेय आणि मी इकडे मेलेलं दार उतरवून घेतेय. पण हात थांबेना. एक. सात. हातानंच आयुष्यभर तसं केलं होतं आणि आता त्याला घाई शिकवायला वेळ नव्हता. "मॅडम, दाबलंत का?" "दाबते." त्यांनी दाबलं. सात आकडा क्षणभर राखाडी झाला आणि नाहीसा झाला, कुणी फुंकर मारल्यासारखा. त्या जागी 'ऑटोमॅटिक' असं लिहून आलं. पंखा विझला, पुन्हा उमटला, एक रेघ, दोन रेघा, सगळ्या. खालचं वाक्य नव्हतं. खाली काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि तेच बरोबर होतं.

चक्र फिरलं आणि उघडलं. आधी छत दिसलं, पांढरं, त्यातल्या दिव्यांची रांग. मग टॅब वळला. खाट होती. चादरीला मध्ये लहानशी खोलगट घडी पडली होती, उशीवर कानातल्या यंत्रांची निळी डबी. बाईंनी तोंड उघडलं होतं, पहिला शब्द तयार होता, ओठांवर उजेड होता, आणि समोर चादर. मग लेकीचा चेहरा आला, नुसते डोळे, खाली हिरवं कापड. कापड हलत होतं, आत जात होतं, बाहेर येत होतं, भराभर. काही ऐकू येत नव्हतं. टॅबचा आवाज बंदच असायचा, तो सुरू करायचं तिच्या ध्यानात नव्हतं. बाई म्हणाल्या, "नेलं का? अगं, नेलं का?" आणि त्यांच्या लक्षात आलं की तिलाही आपलं ऐकू जात नाही. त्या कापडाकडे बघत राहिल्या. त्यांना काहीच कळत नव्हतं. म्हणजे इतका वेळ भिंगरीला असं दिसत होतं, हे मात्र कळलं. त्यांनी हात वर करून स्वतःच्या ओठांपुढून खाली ओढला. मास्क. खाली. लेकीनं मान वळवून इकडेतिकडे बघितलं आणि कापड हनुवटीखाली ओढलं.

तिचे ओठ कोरडे होते, एका कडेला चावल्याची खूण. ती बोलू लागली आणि बाईंना पहिल्यांदा काहीच पकडता येईना, खरंच पळत होतं तोंड. त्यांनी तळहात पुढे धरला. हळू. लेक थांबली, डोळे मिटले, उघडले. मग तिनं एकेक शब्द उघडला, धरला आणि सोडला. बाईंना आपलंच तोंड दुसऱ्याच्या चेहऱ्यावर दिसलं, पहिल्यांदा, आणि ते त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा म्हातारं होतं. नेलं. मी आत होते. मास्क काढला. ओरडले सगळे. तरी काढला. बाई वाचत होत्या. इतकी वर्षं त्यांनी सगळ्यांना वाचायला शिकवलं, आणि आज त्यांना ओठांवरचा एकेक शब्द लावताना पहिलीतल्या मुलासारखा घाम फुटला. आजी वाटेत आहे म्हटलं. हळू म्हटलं. तिला कळलं. मग लेक थांबली, खालचा ओठ थरथरला, आणि थरथरणाऱ्या ओठांवर काही वाचता येत नाही, म्हणून बाईंनी वाट बघितली.

झोप लागेपर्यंत बघत होती, लेक म्हणाली.

टेबलावरून फोनमधला आवाज आला, "मॅडम? लागलं का? दिसतंय का समोरचं?" बाई स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या, इतक्या की काचेवर श्वास उमटला, आणि नीट, पूर्ण उघडून, मागच्या बाकावरच्या पोरालाही दिसावं असं विचारलं: कुणाकडे?

लेकीनं एक बोट उचललं आणि स्वतःच्या ओठांच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळूच फिरवलं.